टोपण आलं का?

तिसरा रिपोर्ट मंगळवारी सकाळी आला. डॉक्टरने तो फोनवर वाचला, फोन खिशात ठेवला आणि पुन्हा काढून वाचला. मी सासूबाईच्या ठाणाशी बादली धरून उभा होतो. विचारायची गरज नव्हती.

"तोच जंतू," ती म्हणाली. "तोच आणि तेवढाच. दोन महिने आपण नुसती झक मारली, काका."

"धुतल्यावर तर साफ आलं होतं."

"दर वेळी साफच येतं. आठ दिवस साफ, दहाव्या दिवशी पुन्हा आत पाणी, पुन्हा पू. मी पाठ फिरवली की हा परत हजर. म्हणजे हा जातच नाही. आतच कुठेतरी घर करून बसलाय."

सासूबाई कान मागे पाडून आमच्याकडे बघत होती. या घोडीचं कागदावर मोठं भारदस्त नाव आहे, पण फार्मवर सगळे तिला सासूबाईच म्हणतात. चाऱ्याला दोन मिनिटं उशीर झाला तर बादलीला लाथ घालते. नवा माणूस आला की त्याला वरपासून खालपर्यंत बघते आणि तोंड फिरवते. नाव माझ्या बायकोने ठेवलं. आमच्या लग्नाआधीच माझी आई गेली होती. "मला सासू मिळाली नाही, ती हौस फार्मने भागवली," असं ती म्हणायची.

सासूबाई सोळा वर्षांची आहे. नऊ शिंगरं झाली, नऊही माझ्या बायकोच्या हातात पडली. इतक्या बाळंतपणांनंतर घोडीची गर्भाची पिशवी सैल पडते, पुढे पोटात लोंबते, आत साचलेलं पाणी बाहेर टाकायची ताकद राहत नाही. जंतूंना तेवढंच हवं असतं. डॉक्टरने यात काही कसूर केली नव्हती. तीन-तीन दिवस सलाइनने पिशवी धुतली. कोणतं औषध या जंतूला लागू पडतं ते तपासून तेच आत सोडलं. पिशवी आवळावी म्हणून इंजेक्शनं दिली. बाहेरून घाण आत जाऊ नये म्हणून मागच्या बाजूला वरून टाके घातले. जंतू बुळबुळीत थराखाली लपतात म्हणे, तो थर कापणारं औषधही दुसऱ्या खेपेला वापरलं. मी प्रत्येक वेळी शेपटी धरून उभा होतो. बावीस वर्षं माझं कामच ते आहे.

मॅनेजर तेवढ्यात आलाच. त्याला रिपोर्ट आमच्याआधी कळला होता.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय? आजपासून ती माजावर आहे," डॉक्टर म्हणाली. "पिशवीचं तोंड उघडं आहे, अजून दोन-तीन दिवस राहील. मला पुन्हा एकदा करून बघू द्या."

"गुरुवारी सकाळी गाडी येतेय. तोवर काय करायचं ते करा." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "काका, मी मालकांशी तीनदा बोललो. दोन हंगाम रिकामी घोडी, वर हा आजार. दोन नव्या येतायत, त्यांना ठाण हवंय. माझा इलाज नाही."

"कोण घेतंय हिला?"

"एक जण घेतोय."

म्हातारी, आजारी, गाभण न राहणारी घोडी जो घेतो, तो ती कशासाठी घेतो हे मॅनेजरला माहीत होतं आणि मलाही. आम्ही दोघांनी सासूबाईच्या बादलीकडे बघितलं.

तो गेल्यावर डॉक्टर मला औषधांच्या खोलीत घेऊन गेली. तिथे कपाटाच्या खालच्या खणात तिला जुना खोका सापडला होता. पिशवीच्या आतल्या पाण्याचा नमुना घ्यायला लागतो त्या कांड्यांचा. डॉक्टर त्याला स्वॅब म्हणते. तिने एक कांडी काढून उजेडात धरली.

"हे जुनं मॉडेल. गेल्या हंगामात हेच वापरायचे ना?"

"हो."

"स्वॅब कोण घ्यायचं?"

"मोठे डॉक्टर," मी म्हणालो.

ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "बरं," म्हणाली आणि कांडी पुन्हा खोक्यात ठेवली.

मी खोटं बोललो होतो. हे खोटं फार्मवर वीस वर्षं चालू होतं, त्यामुळे ते तोंडातून सहज निघतं. मोठे डॉक्टर म्हणजे हिच्याआधी फार्मवर असलेले. त्यांचा उजवा खांदा आखडला होता. घोडीच्या आत कोपरापर्यंत हात घालायचा तर खांदा चालावा लागतो. माझी बायको तेव्हा घोड्यांना खरारा करायला होती. हात लांब, पंजा लहान. एकदा एक शिंगरू पाय मुडपून अडकलं होतं, डॉक्टरांचा हात जाईना, तेव्हा हिने घातला आणि शिंगरू बाहेर काढलं. तेव्हापासून डॉक्टर सांगायचे आणि ती करायची. नोंदवहीवर सही डॉक्टरांची. तिला त्याचं काही वाटत नसे. फार्मवर सगळ्यांना खरं माहीत होतं. "वहिनींच्या हाताला गुण आहे," असं नालबंद म्हणायचा, गाडीवाले म्हणायचे, शेजारच्या फार्मचे लोक येऊन म्हणायचे.

तिला जाऊन आठ महिने झाले. लोक अजून तेच म्हणतात. दिवसातून एकदा तरी कोणीतरी म्हणतं आणि मी त्यावर तो दिवस काढतो.

त्या कांडीबद्दल सांगायला हवं. हातभर लांब नळी असते, तिच्या टोकाला पेनाला असतं तसं प्लॅस्टिकचं छोटं टोपण. नळी हाताच्या आडोशाने पिशवीत न्यायची, आत गेल्यावर मागून दांडी ढकलायची. टोपण उघडतं, कापसाचा बोळा बाहेर येतो, पाणी टिपतो. दांडी मागे ओढली की बोळा नळीत, मग नळी बाहेर. टोपण एका बारीक प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोंबत राहतं. ती पट्टी कधी कधी तुटते. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, टोपण बाहेर आलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात धुवायचा नाही.

पण तिला ते बघता येत नसे. तिची नजर बोळ्यावर असायची, तो कशाला न लागता बाटलीत जायला हवा. म्हणून बघायचं काम माझं. ती पाठमोरीच विचारायची, "टोपण?" मी बघून म्हणायचो, "आलं." मग ती पुढचं काम करायची.

वीस वर्षं. आमचं भांडण झालं की दोन-दोन दिवस अबोला असायचा, पण "टोपण?" आणि "आलं" एवढं चालू राहायचं. नालबंद म्हणायचा, यांचा संसार दोन शब्दांवर चाललाय. पुढे घरीही तेच झालं. कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, सगळ्याला ती "टोपण?" म्हणायची. शेवटी शेवटी दवाखान्यात नर्सने इंजेक्शन देऊन सुई ट्रेमध्ये ठेवली, तर ही उशीवरून मला म्हणाली, "टोपण?" मी म्हणालो, "आलं." ती हसली. नर्सला काही कळलं नाही.

खोलीतून बाहेर पडताना डॉक्टर सहज बोलल्यासारखं म्हणाली, "या टोपणांची पट्टी तुटून ती आत राहिल्याची उदाहरणं मी वाचलीयत. तसं काही राहिलं तर कितीही धुवा, जंतू त्याला चिकटून बसतो. पण तुमच्याकडे बघायची पद्धत असणार."

"होती," मी म्हणालो.

तिथूनच मी घरचा रस्ता धरला.

माझ्या बायकोने सासूबाईचा शेवटचा स्वॅब गेल्या हंगामाच्या सुरुवातीला घेतला होता. तो दिवस मला पाठ आहे. आदल्या दिवशी आम्ही मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो होतो. रक्ताचा आजार आहे, पुढे गेलाय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी म्हणालो, उद्या सुट्टी घे. ती म्हणाली, "माजावर घोड्या आल्यात, त्यांना काय सांगू, माझा रिपोर्ट खराब आलाय?" सकाळी खोड्याशी उभी राहिली. खोडा म्हणजे घोडीला हलता येऊ नये म्हणून केलेली लोखंडी पाइपांची चौकट. मी शेपटी धरली. सासूबाईच्या मागच्या पुठ्ठ्यावर एक माशी बसली होती. बादलीच्या कडीला निळी दोरी बांधली होती. हिने हात बाहेर काढला. तिचे ओठ पांढरे झाले होते, ती पडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "टोपण?" आणि मी म्हणालो, "आलं."

माशी आठवते. दोरी आठवते. तिच्या वरच्या ओठावरचा घाम आठवतो. टोपण आठवत नाही. मंगळवारी दुपारभर मी घरी खाटेवर बसून ते आठवायचा प्रयत्न केला. इतर घोड्यांच्या वेळचं टोपण आठवलं, त्याच दिवशीच्या दुसऱ्या घोडीचंही आठवलं. सासूबाईचं आठवेना. मी नळीकडे बघितलंच नव्हतं. मी तिच्याकडे बघत होतो.

त्यानंतर घोडी घोड्याला दाखवली, ती राहिली नाही. मग पाणी यायला लागलं. तोवर ही अंथरुणाला खिळली होती आणि सासूबाईकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

खिडकीत तिचं नेलकटर आहे. उजव्या हाताची नखं ती दर सोमवारी मुळापासून कापायची, आत घोडीला ओरखडा नको म्हणून. डाव्या करंगळीचं नख तेवढं वाढवायची आणि त्याला लाल रंग लावायची. "हा हात घरचा," म्हणायची. मी ते नेलकटर हातात घेऊन बसलो आणि मनाशी ठरवलं, काही बोलायचं नाही. बोललो तर लोक काय म्हणतील ते सरळ होतं. बाईने डिग्री नसताना हात घातला, आत प्लॅस्टिक सोडलं, घोडी गेली. वीस वर्षांत किती घोड्यांच्या बाबतीत असं झालं असेल, असंही म्हणतील. तिच्यामागे ती एकच गोष्ट उरली होती, ती मी माझ्या हाताने कशाला पुसू? शिवाय टोपण आत असेलच असं थोडंच होतं?

असं स्वतःला सांगत मी चहा केला. दोन कप केला. अजून होतं तसं.

बुधवारी सकाळी फार्मवर गेलो तर नालबंद सासूबाईचा पुढचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. तिचे पुढचे खूर ठिसूळ आहेत म्हणून तिला पुढे नाल असतात.

"हे काय करतोस?"

"मॅनेजरनी सांगितलं, काढून घे. जाणाऱ्याला नाल कशाला." त्याने चिमट्याने पहिला खिळा ओढला. तो करकरत निघाला. "नाही तर मला तरी काय हौस आलीय? बघ कशी उभी राहिलीय. एरवी मला दोन तरी लाथा मिळाल्या असत्या. सासूबाई, घाला की एखादी, बरं वाटेल."

सासूबाईने लाथ घातली नाही. मान माझ्याकडे वळवली आणि माझ्या खांद्यामागे बघितलं. ती अजून तसं बघते. माझ्यामागून दुसरं कोणी येतंय का ते.

"वहिनी असत्या तर ही वेळच आली नसती," नालबंद दुसऱ्या खिळ्याला चिमटा लावत म्हणाला. "हात लागला की बरी, असं होतं. ही आजकालची पोरगी, मशिनी लावते, रिपोर्ट काढते. पण हाताला गुण लागतो. खरं की नाही?"

ज्या वाक्यावर मी आठ महिने काढले होते तेच वाक्य.

"थांब," मी म्हणालो.

"काय?"

"नाल काढू नकोस. मी येतो."

"अरे, अर्धा निघाला! आता एका पायात चप्पल घालून पाठवू का हिला?"

मी औषधांच्या खोलीकडे गेलो. डॉक्टर उभ्या उभ्या चहा पीत होती, दुसऱ्या हाताने बाटल्या मोजत होती.

"सासूबाईचा स्वॅब मोठे डॉक्टर घेत नव्हते," मी म्हणालो. "माझी बायको घ्यायची."

"माहितीय काका."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही सांगितलं? फाटकावरच्या वॉचमनपासून सगळ्यांनी सांगितलं. तुम्ही एकटेच सांगत नव्हता." ती कप ठेवून थांबली. "पुढे बोला."

"टोपण आत राहिलं असेल."

"असेल म्हणजे? बाईंनी बघितलं नाही?"

"तिने विचारलं. बघायचं माझ्याकडे होतं. मी न बघताच आलं म्हणालो."

हे तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते मलाही पहिल्यांदाच ऐकू आलं. आदल्या दिवशी दुपारभर मी तिचा हात वाचवत बसलो होतो. तिच्या हाताने काहीच चूक केली नव्हती. तिने विचारलं होतं. नियमाने, पांढऱ्या ओठांनी, उभं राहवत नसताना विचारलं होतं.

डॉक्टरने लॅपटॉप उघडला आणि सोनोग्राफीची जुनी चित्रं एकेक करून पुढे सरकवली. एकावर थांबली. काळ्या-करड्या रंगात एक छोटी पांढरी रेघ होती. दुसऱ्या चित्रात तीच रेघ. तिसऱ्यातही.

"ही हवा समजले मी," ती म्हणाली. "धुतल्यावर हवेचे बुडबुडे राहतात, ते असेच दिसतात. तीन वेळा बघून तीन वेळा हवा समजले." तिने कपाळावर हात मारला. "शाब्बास. तुम्ही एकदा बघितलं नाहीत, मी तीनदा बघून बघितलं नाही. चला."

"आता?"

"मग कधी, गाडी गेल्यावर? अजून तोंड उघडं आहे. दुर्बीण मागवायची म्हटली तर शनिवार उजाडेल. हातानेच काढायचं."

दहा मिनिटांत सासूबाई खोड्यात होती, एका पायात सैल नाल घेऊन. नालबंद तिच्या तोंडाशी लगाम धरून उभा राहिला. डॉक्टरने गुंगीचं इंजेक्शन दिलं, सासूबाईची मान हळूहळू खाली आली, खालचा ओठ लोंबला. टाके उसवले. मी शेपटी पट्टीत गुंडाळून बाजूला धरली. डॉक्टरने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, हात धुतला आणि डोळे मिटून आत घातला.

घड्याळ भिंतीवर होतं आणि मी त्याकडे बघायचं टाळत होतो.

"तोंडातून गेले," ती म्हणाली. "पिशवी खाली उतरलीय. विहिरीसारखी. तळ लागत नाही."

"डावीकडे की उजवीकडे?"

"रेघ डावीकडे होती." तिचा गाल सासूबाईच्या पुठ्ठ्याला टेकला होता. "माझा हात तोकडा पडतोय."

तेवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा. मॅनेजर आवाराच्या त्या टोकाकडून लगबगीने आला.

"गाडी आजच आलीय. ड्रायव्हरला उद्या दुसरीकडे जायचंय. घोडी तयार..." तो थांबला. "हे काय चाललंय?"

"काम," डॉक्टर म्हणाली.

"आता? अहो, त्याला अर्ध्या तासात निघायचंय! गुंगीत आहे ही? गुंगीत घोडी गाडीत कशी चढवायची?"

"नाही चढवता येणार. दोन तास तरी नाही."

"मॅडम, तुम्ही मला अडकवताय."

"मी सध्या स्वतःच अडकलेय, दंडापर्यंत," डॉक्टर म्हणाली. नालबंदाला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घालवलं. मॅनेजर फाटकाकडे बघत राहिला. हॉर्न पुन्हा वाजला.

मला एक आठवलं. पिशवी अशी खाली उतरलेली असली की माझी बायको आधी ती भरून घ्यायची. पाणी भरलं की लोंबणारी पिशवी फुगते, वर येते आणि तळाशी असलेलं हाताकडे येतं. मी ते सांगितलं.

"किती भरायच्या?"

"तीन लिटर. आणि सावकाश. आणि खालून कोणीतरी पोटाला फळीने उचलून धरायचं."

"फळी आणा."

आणणार कोण? माझ्या हातात शेपटी, नालबंदाच्या हातात लगाम. मॅनेजरने आजूबाजूला बघितलं, मग स्वतःच गेला आणि गवताच्या खोलीतून फळी घेऊन आला. फळीचं एक टोक त्याने धरलं, दुसरं नालबंदाने लगामाची दोरी लांब सोडून एका हाताने धरलं, आणि दोघांनी ती सासूबाईच्या पोटाखाली लावून उचलली. मॅनेजरचा शर्ट इस्त्रीचा होता. डॉक्टरने नळी जोडली. सलाइनची एक पिशवी उतरली, दुसरी उतरली.

"अजून वर," ती म्हणाली.

"माझी कंबर जाईल," मॅनेजर म्हणाला.

"वहिनी एवढं बोलू द्यायच्या नाहीत हां," नालबंद म्हणाला. "उचला साहेब, सासूबाई आहेत, घरातल्या आहेत."

तिसरी पिशवी अर्धी झाली तेव्हा डॉक्टरचा चेहरा बदलला. तिने श्वास रोखला. आम्ही सगळ्यांनीच रोखला.

"काहीतरी आहे. कडक आहे." मग, "गेलं. निसटलं." मग बराच वेळ काही नाही. माझ्या मुठीत शेपटीचे केस ओले झाले होते. "थांबा... फळी हलवू नका... दोन बोटांत आहे. एका बोटात आहे. थांबा."

तिने हात बाहेर काढायला सुरुवात केली, बोटभर बोटभर करत. कोपर आलं, मनगट आलं, मग पाण्याचा लोंढा आला, पिवळट, वास मारणारा, तिच्या बुटांवर आणि माझ्या पायांवर. मूठ मिटलेली होती. तिने ती स्टीलच्या ट्रेवर उघडली. टक्कन आवाज झाला.

नखाएवढं होतं ते. पूर्वी पांढरं असावं, आता तपकिरी, शेवाळल्यासारखं. एका कडेला तुटलेल्या पट्टीचं टोक.

मॅनेजरने फळी सोडली आणि ट्रेमध्ये वाकून बघितलं. "एवढंसं?" तो म्हणाला. "या एवढ्याशासाठी दोन हंगाम?" मग सरळ उभा राहिला. त्याचा आवाज चढला. "आत सोडलं कोणी हे?"

नालबंदाने आधी ट्रेकडे, मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोक्यात काय आलं ते मला कळलं आणि ते त्याच्या तोंडातून बाहेर पडू नये असं त्यालाही वाटत होतं.

"माझ्यामुळे राहिलं," मी म्हणालो. "ती स्वॅब घ्यायची, टोपण आलं का ते मी बघायचं, अशी पद्धत होती. तिने विचारलं. मी बघितलं नाही आणि आलं म्हणून सांगितलं. नोंदवहीत तसंच लिहा."

"बाई घ्यायच्या, हे नोंदवहीत कसं लिहिणार?" मॅनेजर म्हणाला.

"वीस वर्षं त्याच घेत होत्या ना?" डॉक्टर हातमोजा उतरवत म्हणाली. "मग लिहा. मी सही करते. आणि गाडी परत पाठवा. आता कारण हातात आहे. मला दहा दिवस हवेत. दहाव्या दिवशी पाणी दिसलं तर मी स्वतः तिला गाडीत चढवीन."

मॅनेजर शर्टाच्या बाहीकडे बघत राहिला. तिच्यावर हिरवा डाग पडला होता. फाटकावर हॉर्न पुन्हा वाजला.

"येतो रे बाबा!" तो ओरडला, आणि फाटकाकडे जाता जाता कोणाकडेही न बघता म्हणाला, "दहा दिवस. अकरावा नाही."

नालबंद खाली बसला आणि त्याने सासूबाईचा पाय पुन्हा मांडीवर घेतला. काढलेले दोन खिळे त्याने पिशवीत टाकले आणि नवे घेतले. बराच वेळ हातोडी चालवून झाल्यावर म्हणाला, "त्या दिवशी तू कुठे बघत होतास?"

"तिच्याकडे."

त्याने मान हलवली आणि पुढचा खिळा ठोकला.

त्या दहा दिवसांत मी सासूबाईची शेपटी रोज सकाळी उचलून बघितली, दुपारी बघितली, संध्याकाळी बघितली. शेवटी तिने मला लाथ घातली. मांडीवर निळा डाग उठला. नालबंद म्हणाला, आता बरी आहे.

दहाव्या दिवशी डॉक्टरने सोनोग्राफी केली. पिशवीत पाणी नव्हतं. रेघही नव्हती. तरी तिने स्वॅब घ्यायचं ठरवलं आणि मुद्दाम त्या जुन्या खोक्यातली कांडी काढली. "तुमच्या पद्धतीने घेऊ," म्हणाली. त्या स्वॅबमध्ये काही उगवलं नाही, हे कळायला पुढे तीन दिवस गेले. आणि सासूबाईचं ठाण या हंगामापुरतं तरी तिच्याकडेच राहिलं. पण हे नंतरचं. त्या सकाळी आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

मी शेपटी धरली. डॉक्टरने नळी आत नेली, दांडी ढकलली, थांबली, मागे ओढली. हात बाहेर आला. ती बोळा बाटलीत घालायला वळली, आणि पाठमोरीच म्हणाली, "टोपण?"

आवाज तिचाच होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता. तरी माझ्या तोंडात उत्तर तयार होऊन आलं. ते मी दातांमागे धरलं आणि वाकलो. नळीच्या टोकाला पाणी होतं, खिडकीतून ऊन त्यावर पडत होतं, नीट दिसत नव्हतं. मी आणखी वाकलो.

"काका? झोपलात का?"

"थांबा," मी म्हणालो. "बघतोय."